मोटारीचा हात

कुसाबाईला त्या हाताची शिसारी आली होती. माणसाचा असता तर एक वेळ सोसला असता. हा होता मोटारीचा. पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधे जो खांब असतो, त्यात एक वीतभर पट्टी मिटून ठेवलेली होती. स्टिअरिंगच्या मधोमध एक खटका. तो उजवीकडे फिरवला की उजव्या खांबातून पट्टी टपकन् आडवी बाहेर यायची आणि आत लाल दिवा पेटायचा. डावीकडे फिरवला की डावीकडची. गाडी कुठे वळणार ते रस्त्यावरच्यांना कळावं म्हणून ही सोय. विलायतेत म्हणे ते सगळ्यांना कळतं. नाशकात कुणाला कळणार होतं? टांगेवाल्यांना? बैलांना? पण हे गोटीरामशेठांना सांगायचं कुणी!

गोटीरामशेठ म्हणजे कुसाबाईचे यजमान. जात माळ्याची, हाडं मळ्यात झिजलेली. भाज्यांच्या पाट्या नाशिक रोडच्या स्टेशनावरून मुंबईला धाडता धाडता वर आले, गंगापूर रोडला बंगला बांधला. इथवर सगळं चांगलं होतं. माणूस कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, बायकोला अगं-तुगं करी पण कधी टाकून बोलला नव्हता. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर दारात मोटार आली आणि या भल्या माणसाचं जे काय झालं, ते देव कुणाचंही न करो.

पहिल्यांदा भोंगे आले. एक नाही, तीन. एक रस्त्यासाठी, एक घाटासाठी, आणि एक कशासाठी ते शेठांनाही ठाऊक नव्हतं, पण त्याचा आवाज त्यांना आवडला होता. मग पाय शेकायची शेगडी आली. वैशाखात! गावात माणसं उघडी झोपत होती आणि हा बाबा मोटारीत बसून पाय शेकत घामाने निथळत होता, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता, "लावून बघा हात, कशी धग येते!" मग विडी पेटवायचं विजेचं बटण आलं. शेठ विडी ओढत नसत. त्या बटणावर ते सकाळी उदबत्ती पेटवून देवघरात आणू लागले. देवाच्या नाकाला पेट्रोलचा वास! कुसाबाई मनात म्हणे, हौसेला मोल नसतं हे खरं, पण लाज तरी असावी.

पुढच्या काचेवरचं पाणी पुसणारा दांडा आला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. पाऊस यायला महिना होता. शेजारच्या वस्तीतल्या बाया विहिरीवर हंडे घेऊन उभ्या, खाली जेमतेम गढूळ पाणी, आणि शेठ गड्याला म्हणतात, "मार काचेवर बादली! अजून एक मार!" दांडा इकडून तिकडे खरडत होता, पाहुणे वाहवा करत होते, आणि त्या बाया रिकामे हंडे कमरेवर धरून बघत राहिल्या होत्या. त्यांच्यातली एक थुंकली. कुसाबाईला ते थुंकणं आपल्या तोंडावर आल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी तिला कळलं की मोटार पुसायचं मऊ फडकं म्हणजे तिच्या आईने ओटीत घातलेलं लुगडं होतं. "जुनं तर होतं," शेठ म्हणाले, "आणि सुती कापड काचेला चरा पाडत नाही."

आणि शेवटी हा हात.

हात आल्यापासून शेठांनी आपला स्वतःचा हात खिडकीबाहेर काढणं सोडलं. आधी वळताना ते कोपरापर्यंत हात बाहेर काढून चांगला हलवत, टांगेवाले लगाम खेचत, कुणाला काही झालं नव्हतं. आता म्हणत, "गवंड्यासारखा हात काय हलवायचा? तो जमाना गेला." समोरच्या वेगा-पेट्रोलच्या काट्यांजवळ एक बारीक हिरवा दिवा होता, खटका फिरवला की तो लागे. तो लागला की शेठ समजत हात निघाला, जगाला कळलं, आता जग थांबणार. रस्त्यावर एखादा टांगा थांबला नाही तर घरी येऊन ताटावर बसेपर्यंत तणतणत. "गाढवाला गुळाची चव काय! फौजदारांना सांगून एकेकाचा बिल्ला काढून घ्यायला लावतो." बिल्ला म्हणजे टांगा हाकायचा परवाना, पितळेचा, छातीवर लावायचा. तो गेला की टांगेवाल्याच्या घरची चूल गेली. हे बोलताना शेठांच्या तोंडात पुरणपोळीचा घास होता, हे कुसाबाईने बघितलं आणि आपलं ताट बाजूला सारलं.

दसरा उजाडला.

दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. माळ्याच्या घरी खुरपं, विळा, मोटेची दोरी. गोटीरामशेठांच्या घरी खुरपी कधीच अडगळीत गेली होती. पाटावर बसायचा मान मोटारीला. आदल्या संध्याकाळी कुसाबाईचा भाऊ लहानू मखमलाबादेहून झेंडूची पोती टाकून गेला होता. शेठ म्हणाले, "कुसा, अशी सजव की पत्रा दिसता कामा नये. सगळं गाव कालिकेच्या जत्रेला येणार आहे."

आता नवऱ्याचा कितीही वीट आला असला, तरी फुलं हातात आली की कुसाबाईचे हात तिचे राहत नसत. तिचा सगळा जन्म माळा ओवण्यात गेलेला. बाप सांगायचा, माळ अशी बांधावी की बैल उधळला तरी सुटू नये. तिने तशीच बांधली. बॉनेटवर जाळी, दिव्यांना गजरे, आणि दारांच्या मधल्या दोन्ही खांबांना उघड्या खिडक्यांतून फिरवून सुतळीत ओवलेल्या माळेचे करकचून वेढे, एकाला एक लागून. मिटलेला हात खांबात इतका सपाट बसलेला असे की तिच्या तो ध्यानातही आला नाही. शेठांनी मोटारीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, एकेक फूल निरखलं, चाकाखाली लिंबं ठेवली. "झकास!" म्हणाले. त्यांच्याही ध्यानात आलं नाही. ज्या हातापायी घरात चार महिने दुसरा विषय नव्हता, तो कुठे गेला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

उरलेल्या फुलांतली एक माळ तिने खाजाच्या टांग्यासाठी काढून ठेवली. खाजा तिच्या माहेरचा टांगेवाला. ती परकरात असल्यापासून बापाच्या फुलांच्या पाट्या तोच बाजारात पोचवायचा. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेलं तेही त्यानेच, खड्डा चुकवत, घोडी पावलापावलाने चालवत. दर दसऱ्याला तो दाराशी येई, घोडीच्या गळ्यात माळ घालून घेई आणि म्हणे, "ताई, तुमच्या हातची माळ बसली की बारा महिने मैनेला कुणाची नजर लागत नाय." मैना म्हणजे ती घोडी. तांबूस रंगाची, म्हातारपणाकडे झुकलेली, फार शहाणी. त्या दिवशीही तो आला, माळ घेऊन गेला. मोटारीकडे बघून म्हणाला, "नवरीवाणी दिसते!" त्याच्या बोलण्यात असूया नव्हती. कुसाबाईला उलट त्या मोटारीचीच लाज वाटली.

तिसऱ्या प्रहरी सीमोल्लंघनाला निघाले. कालिकेच्या देवळाच्या अलीकडे आग्रा रोडवर ही गर्दी! शेठांनी मोटार रस्त्याच्या कडेला उभी केली, कारण पेढीवाले दोघे ओळखीचे दिसले आणि त्यांना शेगडीची धग दाखवायची राहिली होती. दाखवून झाली. मग देवळाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे रस्ता ओलांडून जायचं होतं. कुसाबाई मागे, शेठांच्या पाठीशी, खांबाला टेकून बसलेली. मागून टांग्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. टांगा उजव्या अंगाने पुढे निघाला होता, जसं उभ्या मोटारीला वळसा घालून कुणीही निघेल तसा.

शेठांनी खटका फिरवला. हिरवा दिवा लागला. कुसाबाईच्या कानाशी, माळेच्या आत, काहीतरी घुंईंऽऽ करू लागलं. फुलांत भुंगा अडकावा तसं. तिने मान वळवली. माळेचा एक वेढा थरथरत होता. आतून काहीतरी ढुशी देत होतं आणि सुतळी त्याला सोडत नव्हती.

तिला कळलं. "अहो, थांबा, हात..." एवढंच ती बोलली.

"निघालाय, निघालाय," शेठ म्हणाले आणि त्यांनी स्टिअरिंग वळवलं.

मैनेची किंकाळी कुसाबाई मरेपर्यंत विसरणार नव्हती. मडगार्ड घोडीच्या पुढच्या पायांवर गेलं, टांग्याची दांडी मोडून छातीत घुसली, टांगा आडवा झाला. खाजा बाजूला फेकला गेला. नशीब, त्यात सवारी नव्हती. तो उठला तेव्हा त्याचं कपाळ फुटलेलं होतं, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती. तो सरपटतच घोडीपाशी गेला.

आणि गोटीरामशेठ? ते खाली उतरले. पहिल्यांदा वाकून त्यांनी मडगार्ड पाहिलं. खिशातून रुमाल काढला आणि त्यावरचं रक्त पुसलं. रंग गेला नाही ना, ते नखाने खरवडून पाहिलं. मग मान वर केली आणि म्हणाले, "आंधळा आहेस का रे? हात दिसला नाही?"

कुसाबाईने पदर तोंडावर दाबला.

जत्रेच्या बंदोबस्ताला फौजदार होतेच. ते आले, लोकांचं कोंडाळं झालं. शेठांनी सरळ सांगितलं, "मी हात दिला होता. आतला हिरवा दिवा लागलेला मी या डोळ्यांनी पाहिला. हा मागून अंगावर आला. फौजदारसाहेब, मी चार महिने सांगतोय, या लोकांना शिस्त लावा." शेठांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तेच वाईट होतं. त्यांना खरंच वाटत होतं की दिवा लागला म्हणजे आपलं काम झालं.

"हात निघालेला कुणी पाहिला?" फौजदारांनी विचारलं.

"मी पाहिला," धगीने हात शेकून घेतलेल्या पेढीवाल्यांपैकी एकजण म्हणाला. "लाल भडक!"

"मीसुद्धा," दुसरा म्हणाला. त्याची तर त्या वेळी मोटारीकडे पाठ होती. कुसाबाईने पाहिलं होतं. काय माणसं असतात एकेक! कुणी मागितलं नसताना खोटं बोलायला पुढे.

फौजदार खाजाकडे वळले. त्याच्या मांडीवर मैनेचं डोकं होतं, सदरा रक्ताने भिजला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "निघाला आसंल, साहेब. एवढे लोक म्हणत्यात तर निघालाच आसंल. माझ्या ध्यानात नाय आला. शेठ, माफी करा. बिल्ला तेवढा नका काढू. घोडी गेली तर भाड्याचं जनावर तरी धरीन. बिल्ला गेला तर खायचं काय?"

ज्याची घोडी मरत होती तो माफी मागत होता, आणि ज्याने मारली तो कमरेवर हात ठेवून मान डोलावत होता. फौजदारांनी वाकून खाजाच्या छातीवरचा बिल्ला काढला.

बाईमाणसाने भर रस्त्यात, फौजदारासमोर, नवऱ्याच्या विरुद्ध तोंड उघडायचं? माळी आळीत आजवर कुणी उघडलं नव्हतं. शिवाय माळ तिच्याच हातची. बोललं तर खापर तिच्यावरच फुटणार, हे तिला दिसत होतं. पण त्या बिल्ल्याची पिन सदऱ्यातून सुटताना बघून ती जी ताडकन् उतरली, ती थेट फौजदारांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात निघाला नव्हता."

"कुसा!" शेठ म्हणाले.

"निघाला नव्हता. मी माझ्या हाताने खांबाला माळ आवळली, तिच्याखाली तो अडकलाय. आत घुंई घुंई करत होता, मी ऐकलंय. हे दोघे खोटं बोलतात. खाजाभाऊ तर जे घडलंच नाही त्याची माफी मागतोय. माळ सोडून बघा, सुतळी आतून दाबली गेलेली दिसेल. बिल्ला त्याला परत द्या."

पेढीवाले दोघे कुठेतरी दुसरीकडे बघू लागले. फौजदारांनी खांबाजवळ जाऊन वेढा बोटाने उचकटला. खाली पट्टीची कड अर्धवट वर आलेली, सुतळीत रुतलेली. त्यांनी शेठांकडे पाहिलं आणि बिल्ला खाजाच्या हातात ठेवला.

कुसाबाईला वाटलं, आता. आता यांची मान खाली जाईल. आता हा माणूस त्या जनावराकडे बघेल. वीस वर्षं ज्याच्या भाकरी थापल्या, तो माणूस आत कुठेतरी असेलच की.

गोटीरामशेठांचा चेहरा खरोखरच बदलला. पार उजळला. "म्हणजे यंत्र बिघडलं नाही!" ते ओरडले. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस? माझा जीव अर्धा झाला होता. म्हटलं, चार महिन्यांत बिघडलं की काय!" त्यांनी फौजदारांकडून चाकू मागून घेतला, वेढे सपासप कापले, फुलं रस्त्यावर पडली. धावत आत जाऊन त्यांनी खटका फिरवला.

टप. हात बाहेर आला. लाल, लखलखीत, सरळ.

"अरे वा!" कोंडाळ्यातून कुणीतरी म्हणालं. मागचे पुढे सरले. एका बापाने पोराला खांद्यावर घेतलं. खाजाभोवती जी माणसं होती तीही हळूहळू मोटारीकडे सरकली, आणि शेठ आत, बाहेर, आत, बाहेर करून दाखवू लागले. फौजदारही वाकून बघत होते. खाजानेसुद्धा एकदा मान वर करून तिकडे पाहिलं. त्याला काय बोल लावायचा? सगळं जग तिकडे बघत होतं.

मग शेठ उतरून खाजापाशी आले. आता ते अगदी खुशीत होते, आणि खुशीत माणूस उदार होतो. "जाऊ दे, खाजा. तुझी चूक नाही, माझीही नाही. चूक माळेची. सणाचा दिवस आहे, मनात ठेवू नको." त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं आणि त्याच्या रक्ताळलेल्या तळहातावर ठेवलं. "सोनं घे. सोन्यासारखा राहा."

दसऱ्याचं सोनं नाकारता येत नाही. खाजाने ते पान कपाळाला लावलं. कपाळावरच्या रक्ताला ते चिकटून राहिलं. त्याच्या मांडीवर मैनेने एकदा पाय झाडले आणि तिचे डोळे उघडेच राहिले.

ते उघडे डोळे शेठांनी पाहिले नाहीत. ते केव्हाच मोटारीकडे वळले होते. "चल कुसा, बस. देवीला उशीर होतोय."

कुसाबाई जागची हलली नाही. आजवर जे गिळलं होतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं, आणि तिने ते परत गिळलं नाही. ती चांगली मोठ्याने म्हणाली, चार लोकांनी ऐकावं अशी, "मी येत नाही. मला तुमची किळस येते."

लोकांनी माना वळवल्या. गोटीरामशेठ अर्धे मोटारीत, अर्धे बाहेर थबकले. एक क्षण वाटलं, वर्मी लागलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते काहीतरी आठवत होते, काहीतरी राहून गेलं होतं. मग त्यांना आठवलं.

"थांब गं जरा," ते म्हणाले आणि खटक्याकडे हात नेला. "डावीकडचाही अडकलाय का ते बघू दे."